तुम्हालाही!

"आई, ती रेसिप्रोकेटच करत नाही गं."

लेक सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि मोबाइल शेजारी उपडा पडला होता. आमच्याकडे मोबाइल उपडा पडला की समजायचं, कुणीतरी निळ्या खुणा करून गप्प बसलंय. या वेळी ती कॉलेजातली मैत्रीण होती. घणसोलीला राहते. आमच्या ऐरोलीहून मधलं रबाळे सोडलं की घणसोली, लोकलनं काही मिनिटांचं काम. पण वाढदिवस हिनंच लक्षात ठेवायचा, भेटायचं हिनंच ठरवायचं. ती आजारी पडली तेव्हा मऊ भात घेऊन हीच गेली, आणि हिला डेंग्यू झाला तेव्हा तिकडून आला एक पिवळा चेहरा, डोळ्यांत पाणी आणलेला.

"म्हणजे काय करत नाही?" मी विचारलं. मला कळलं नव्हतं असं नाही, मी वेळ काढत होते.

"रेसिप्रोकेट. मराठीत काय म्हणतात?"

चौतीस वर्षं मी ठाण्यात गणित शिकवलं. भाषेचा तास चुकूनही घेतला नाही, ऑफ तासालासुद्धा पोरांना पाढेच म्हणायला लावले. तरी मराठी माध्यमाच्या बाईंना मराठी शब्द सुचत नाही हे घरात कबूल कसं करायचं?

"परतफेड," मी म्हटलं.

"शी! कर्ज आहे का?"

"देवाणघेवाण."

"ती शिष्टमंडळांची असते. सांस्कृतिक."

"मग प्रतिसाद."

"प्रतिसाद देते की! अंगठा टाकते."

स्वयंपाकघरातून हिचे बाबा ओरडले, "जशास तसे!" आणि स्वतःच हसले. लेक उठून आत गेली. तिला शब्द नकोच होता, तिला मी त्या मैत्रिणीला दोन शब्द बोललेलं हवं होतं, हे माझ्या नेहमीप्रमाणे उशिरा लक्षात आलं. तोवर शब्द माझ्या मानगुटीवर बसला होता.

खरं तर हा शब्द आमच्या घरात जुना. माझे बाबा ठाण्याच्या तार ऑफिसात होते. तार म्हटली की लोकांना आठवतं ते दारात थबकलेलं काळीज, पण सणासुदीला तारखात्याचं निम्मं काम आनंदाचं असे. शुभेच्छांची ठरीव वाक्यं होती आणि प्रत्येक वाक्याला एक नंबर. गिऱ्हाईकानं फक्त नंबर सांगायचा, तारेवरून नंबरच जायचा, आणि पलीकडच्या ऑफिसात त्या नंबरचं पुरं वाक्य रंगीत नक्षीच्या कागदावर उतरायचं. दिवाळी, लग्न, परीक्षेतलं यश, निवडणुकीतला विजय, सगळ्याला नंबर. आणि त्याच यादीत एक वाक्य, दुसऱ्यानं पाठवलेल्या तारेला उत्तर म्हणून धाडायचं: 'मेनी थँक्स फॉर युअर गुड विशेस, विच वुई रेसिप्रोकेट मोस्ट हार्टिली.' मोस्ट हार्टिली, तेही नंबर सांगून!

बाबांना हे वाक्य अतोनात आवडायचं. आई म्हणाली, "आज आमटी बरी झालीय का?" की ते ताटावरून मान वर न करता म्हणत, "विच आय रेसिप्रोकेट मोस्ट हार्टिली." आम्हा भावंडांना कितीतरी वर्षं वाटायचं की रेसिप्रोकेट म्हणजे भुरका मारणे. १५ जुलै २०१३ ला तारसेवा बंद झाली. त्या दिवशी बाबांनी पेपर घडी घालून ठेवला आणि वाक्यांचे नंबर पाठ म्हणून दाखवायला लागले. मधले दोन आठवेनात. सेवा बंद झाल्याचं एवढं नाही, पण त्या दोन नंबरांची चुटपुट त्यांना आठवडाभर लागून राहिली.

पुढे माझ्या वाट्याला तो शब्द गणितातून आला. रेसिप्रोकल म्हणजे आपला गुणाकार व्यस्त. पाचाचा एक पंचमांश, दोन तृतीयांशाचा तीन द्वितीयांश. दोघांचा गुणाकार केला की उत्तर एक. दरवर्षी एखादं पोर विचारायचंच, "बाई, शून्याला व्यस्त का नाही?" मी फळ्यावर लिहून दाखवायचे की शून्याला कशानंही गुणा, शून्यच येतो, एक कधीच येणार नाही. लेकीच्या मैत्रिणीचा विचार करताना हे आठवलं, पण बोलले नाही. आधीच घरात माझी ओळख प्रत्येक गोष्टीत गणित आणणारी अशी आहे.

आणि आमच्या ह्यांच्यासाठी हा शब्द म्हणजे कॉम्प्रेसर. वागळे इस्टेटमध्ये नोकरी झाली. तिथं रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसर, म्हणजे सिलिंडरात दट्ट्या पुढे जातो, मागे येतो, पुढे जातो, मागे येतो, आणि त्या खेपांनी हवा दाबली जाते. नंतर स्क्रूचे कॉम्प्रेसर आले, गोल फिरणारे, कमी गोंगाटाचे. हे अजून म्हणतात, "स्क्रू आला आणि शॉपचा आवाजच गेला." वाफेचं इंजिनही याच जातीचं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला जी पहिली आगगाडी आली, तिची तिन्ही इंजिनं दट्ट्याच्या येरझाऱ्यांवरच चालत होती. साहिब, सिंध आणि सुलतान. दट्ट्या बिचारा जागच्या जागी हातभर पुढे आणि हातभर मागे, आणि गाडी मात्र ठाण्याला पोचते. मधला दांडा नि भुजा ह्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात कागदावर काढून समजावली होती. नव्या नवरीला लोक काय काय देतात.

म्हणजे तार, गणित आणि यंत्र अशा तीन घरांत एकच शब्द, आणि त्याचं मूळ मात्र चौथ्याच ठिकाणी. लॅटिनमध्ये 'रेसिप्रोकुस' म्हणजे मागे आणि पुढे जाणारं. त्यातला 'रे' मागचा, 'प्रो' पुढचा. आणि रोमन लेखक हा शब्द कशासाठी वापरत? समुद्रासाठी. भरती-ओहोटीच्या पाण्यासाठी.

हे वाचलं आणि मला हसूच आलं, कारण तेव्हा मी आमच्या बाल्कनीत बसले होते आणि इमारतींच्या फटीतून खाडीची पट्टी दिसत होती, ओहोटीची. नुसता चिखल आणि त्यावर फ्लेमिंगोंचे ठिपके.

खाडीकडे नंतर येते. आधी मराठीचं काय ते बघू, कारण लेकीसमोर नाक कापलं गेलं होतं.

शब्द नाहीत असं मुळीच नाही, शब्दांची रास आहे. फक्त प्रत्येकाच्या अंगाला कसला ना कसला वास आहे. परतफेड बँकेची, किंवा सुडाची. उलट म्हणावं तर 'उलट उत्तर' दिल्यावर कानाखाली बसते. उट्टं काढतात ते वाईटाचंच. प्रत्युपकार चांगला, पण तो सोवळं नेसून पाटावर बसलेला, त्याला चहाला बोलावता येत नाही. साटंलोटं हा शब्द तर किती नेमका होता! याची बहीण त्याला, त्याची बहीण याला, दोन्ही घरं एकमेकांत गुंतलेली. आता पेपरात साटंलोटं असतं ते फक्त टेंडरमध्ये.

आणि 'परस्पर'. संस्कृतात हा शब्द तंतोतंत तोच अर्थ सांगतो, एकमेकांना, एकमेकांशी. 'परस्परं भावयन्तः' असं गीता म्हणते, तुम्ही देवांना जोपासा, देव तुम्हाला जोपासोत. पण ठाण्याच्या बाजारात उभं राहून "त्यानं परस्पर केलं" म्हणा. ऐकणाऱ्याच्या मनात काय येतं? त्यानं कुणाला न विचारता, मागच्या मागे उरकून टाकलं. परस्पर जमीन विकली. परस्पर स्थळ बघून आले. जो शब्द दोघांचा होता, त्यातला एक माणूस मराठीनं कधी गाळला कोण जाणे. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी जगभरच्या मालावर 'रेसिप्रोकल टॅरिफ' जाहीर केलं तेव्हा कुठे जशास तसं शुल्क लिहिलेलं दिसलं, कुठे 'परस्पर शुल्क'. हे म्हणाले, "परस्परच लावलंय की, कुणाला विचारून थोडंच लावलंय!" मी पहिल्यांदाच ह्यांना भाषेत पैकीच्या पैकी मार्क दिले.

चौथ्या मजल्यावर एक वकील राहतात, लिफ्टमध्ये त्यांना हा शब्द टाकून बघितला. ते लगेच दिवाणी प्रक्रिया संहितेत शिरले. तिथे 'रेसिप्रोकेटिंग टेरिटरी' असते म्हणे. तुमच्या कोर्टाचा हुकूमनामा आम्ही मानतो, आमच्या कोर्टाचा तुम्ही माना, असं ज्या देशाशी जमलंय तो देश. संयुक्त अरब अमिरात त्या यादीत जानेवारी २०२० मध्ये आली. तोवर आमचा तिसरा मजला गेला, दुसरा गेला, आणि खाली उतरता उतरता त्यांनी म्युच्युअल आणि रेसिप्रोकलमधला फरकही सांगून टाकला. म्युच्युअल म्हणजे दोघांत मिळून एक, जसा दोघांचा मिळून एक मित्र. रेसिप्रोकल म्हणजे याच्याकडून एक गेलं, त्याच्याकडून एक आलं. येणं-जाणं हवं. फी घेतली नाही.

एकदा रात्री कपडे घडी करताना मला उत्तर सापडलं. सापडलं म्हणजे तोंडात होतंच. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी आदल्या दिवशी लिहिलं होतं, "पाडव्याच्या शुभेच्छा!" आणि खाली सत्तावीस जणांनी लिहिलं होतं, "तुम्हालाही!" त्या 'तुम्हाला'नंतरचा 'ही'. बाबांचं ते लांबलचक नक्षीच्या कागदावरचं वाक्य मराठीत एका अक्षरात बसतं. ती हसली, मीही हसले. त्यानं हात पुढे केला, यानंही केला. इंग्रजीला त्यासाठी लॅटिनमधून क्रियापद आणावं लागलं, शिवाय ते सकर्मकही चालतं नि अकर्मकही, प्रेम रेसिप्रोकेट करा किंवा नुसतंच रेसिप्रोकेट करा. आपल्याकडे क्रियापद तेच राहतं, पहिल्यानं जे केलं तेच. फक्त दुसऱ्या माणसाला एक 'ही' चिकटतो.

सकाळी लेकीला हे सांगितलं. ती ब्रश करत होती. फेसभरल्या तोंडानं म्हणाली, "म्हणजे ती 'ही' लावत नाही."

हो. बरोबर. पण शब्द सापडल्यानं मैत्रीण कुठे बदलत होती?

आता खाडी. गुडघ्याच्या डॉक्टरांनी चालायला सांगितल्यापासून मी सकाळी खाडीच्या बाजूला जाते. ठाणे खाडीतलं रोहित अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही गेलं. रोहित म्हणजे फ्लेमिंगो, पण आमच्या इथं कुणी रोहित म्हणालं तर शर्माच वाटतो. हिवाळ्यात येतात, पावसाच्या तोंडावर जातात. भरती असली की पाणी तिवरांच्या मुळांपर्यंत येतं, पक्षी कुठे कुठे सरकून उभे राहतात. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि हे चोच उलटी घालून चरायला लागतात. दर सहा-सव्वासहा तासांनी पाणी दिशा बदलतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. लहानपणी भूगोलात 'भांगाची भरती' वाचून आम्ही हसायचो.

पण पाणी येतं तसंच जातं असं नाही. ही खाडी वर ठाण्याकडे निमुळती होत जाते. उल्हास नदीशी तिचा सांधा आहे तो चिंचोळा. त्यामुळे भरती जे आणते ते सगळं ओहोटीला परत नेता येत नाही, खेपेगणिक थोडा गाळ मागे राहतो. त्या गाळावर तिवरं वाढली, तिवरांनी आणखी गाळ धरला. चेंदणी कोळीवाड्यातली जुनी माणसं पूर्वी होड्या कुठवर लागायच्या ते हातानं दाखवतात, आणि तुम्ही त्या दिशेला बघता तर तिथे हिरवं जंगल.

मासळीवाल्या मावशी ऐरोली गावातल्या. आमची सोसायटी ज्या भूखंडावर उभी आहे तो साडेबारा टक्क्यांतला. नवी मुंबईत हा आकडा न ऐकलेला माणूस सापडायचा नाही. १९७० मध्ये सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झालं, गावोगावच्या जमिनी शहरासाठी संपादन झाल्या, जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकऱ्यांच्या आंदोलनात गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत, अशी योजना आली. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार वजा होतात, हातात उरतात पावणेनऊ. याला रेसिप्रॉसिटी म्हणावं का, असा प्रश्न मला एका सकाळी कोळंबी घेताना पडला. मावशींना विचारायला तोंड उघडलं, पण त्या कोळंबी मोजत होत्या आणि माझ्या बाजूला मूठभर जास्त टाकत होत्या. मग नाही विचारलं.

मूठभर जास्त. आमच्या आईची आहेराची वही याच हिशेबाची होती. लाल कापडी बांधणीची, लग्नामुंजींत कुणी काय दिलं त्याची. एक्कावन्न रुपये. स्टीलचा गंज. ब्लाउजपीस, पिवळा, सुती. लेमन सेट. त्या काळी ठाण्यातल्या एकाही लग्नात लेमन सेट न येण्याचा विक्रम झाला नसेल. आमच्याकडे माझ्या लग्नात पाच आले, त्यातले चार आईनं पुढे वेगवेगळ्या लग्नांत मार्गी लावले, आणि आठ-नऊ वर्षांनी त्यातला एक, खोक्याच्या तळाशी आईनंच मारलेल्या पेन्सिलच्या फुलीसकट, धाकट्या भावाच्या लग्नात परत आला. आईनं फुली बघितली, पलीकडे दुसरी फुली मारली आणि खोकं माळ्यावर टाकलं. न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर शंखशिंपल्यांच्या माळा एका दिशेनं आणि कडी उलट दिशेनं बेटाबेटांतून फिरत राहतात, कायमची कुणाकडेच राहत नाहीत. मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९२२ मध्ये त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. आमच्या ठाण्यातल्या चरईत तो आला असता तर त्याला होडीत बसावं लागलं नसतं.

तर ती वही. तिच्यात हिशेब होता, पण तो जुळवायचा नसे. त्यांनी एक्कावन्न घातले असतील तर आपण त्यांच्याकडे एकशे एक घालायचे. एक्कावन्नच घातले तर कोरडेपणा, एक्केचाळीस घातले तर जन्माचा उद्धार. आणि वरचा तो एक रुपया. "तो कशाला?" मी विचारलं होतं. आई म्हणाली, "शंभर म्हटलं की संपलं ना!" गणिताच्या बाईंना हे उत्तर त्या वेळी अजिबात पटलं नव्हतं.

गावाकडे आजोळी सावड होती. आज तुमच्या शेतात लावणी, घरटी एक माणूस येणार, उद्या आमच्याकडे. तिथे मात्र दिवसाला दिवस मोजून फेडायचा, कारण पाऊस कुणासाठी थांबत नाही. सावडीत लबाडी करणाऱ्याला नाव ठेवत. घरातल्या देण्याघेण्याला मात्र असं मोजमाप लावलेलं चालत नसे, आणि ते मला कसं कळलं ते सांगते.

मी नऊ वर्षांची असताना आईला टायफॉइड झाला. दोन महिने अंथरुणाला खिळली. बाबांना तार ऑफिसात रात्रपाळी. चाळीत आमच्या समोरच्या खोलीत एक काकू राहायच्या, त्यांचं आमचं नातं काही नाही, बोलाभाषेपुरतं. पहिल्या दिवशी संध्याकाळी त्या दोन स्टीलचे डबे घेऊन आल्या. एकात आईची पेज, एकात आमच्या तिघांची भाजी-पोळी. मग रोज. माझी वेणी त्याच घालायच्या, घट्ट, डोळे ताणले जातील अशी. दोन महिने एकही खाडा नाही.

आई उठून हिंडूफिरू लागल्यावर पहिली गोष्ट तिनं केली ती म्हणजे बाबांकडून पैसे मागून घेऊन एक इरकली लुगडं आणलं. हिरवं, लाल काठांचं. आमच्या घरात तेवढं महाग वस्त्र त्या वर्षी दुसरं आलं नाही. नारळ, तांदूळ, लुगडं घेऊन ती समोर गेली, मी परकर सावरत मागे. काकूंनी पाट मांडला. कुंकू लावून घेतलं, नारळ-तांदूळ पदरात घेतले, आणि लुगडं उचलून परत आईच्या हातावर ठेवलं.

"इतकी घाई आहे होय गं फिट्टंफाट करायची?"

आवाज चढवला नव्हता, पण आईचं तोंड उतरलं. घरी येऊन ती चुलीपुढे रडली. "मी एवढ्या मनानं नेलं, आणि असं परत करतात?" बाबांना हे सगळं रात्री कळलं. ते म्हणाले की उत्तरकांडात राम हनुमंताला सांगतो, तुझे उपकार माझ्यातच जिरून जावोत, कारण फेडायची वेळ यायला आधी तुझ्यावर संकट यायला हवं. आई म्हणाली, "तुमच्या रामाला कुणी लुगडं परत केलं नव्हतं."

तीन दिवस दोन्ही दारं उघडी, पण बोलणं नाही. चाळीत उघड्या दारांनी न बोलणं फार अवघड. चौथ्या दिवशी दुपारी आईनं माझ्या हातात वाटी दिली. "जा, समोरून वाटीभर साखर घेऊन ये. उसनी म्हणावं."

मी म्हटलं, "कालच तर रेशनची आणली."

"तू जा."

काकूंनी वाटी घेतली, माझ्याकडे बघितलं, डब्यातून साखर काढली आणि वाटीवर शीग लावली. नेताना सांडेल म्हणून वर ताटली झाकली. आईनं ती साखर आमच्या भरल्या डब्यात ओतली, वाटी घासून पुसून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याच वाटीत आवळ्याचं लोणचं गेलं. साखर परत गेली का? मला नाही आठवत. बहुतेक कधीच नाही. ते लुगडं आई पुढे पंधरा वर्षं नेसली, आणि काकू प्रत्येक वेळी म्हणायच्या, "काठ छान आहेत हो."

चाळ पाडून तिथं टॉवर झाला. काकू मुलाकडे बदलापूरला गेल्या. आई गेल्यावर त्या एकदा ऐरोलीला आल्या होत्या, मुलाच्या गाडीतून, हातात त्याच दोन डब्यांतला एक. आत भाजणी. डब्यावर काकांची आद्याक्षरं आणि १२-५-६८ अशी तारीख कोरलेली, झाकणाला एका बाजूला पोचा, त्यामुळे ते एका विशिष्ट कोनातच बसायचं. रिकामा डबा परत करू नये, म्हणून मी तो ठेवून घेतला. त्यात काय भरून न्यावं याचा विचार करत राहिले. बेसनाचे लाडू त्यांना चालत नव्हते, साखर वर्ज्य होती. परीक्षा आल्या, पेपर तपासायचे होते, मग सासूबाईंचं दुखणं. २०१६ मध्ये काकू गेल्याचं कळलं तेव्हा डबा ओट्यावर होता, त्यात मी मेथ्या भरून ठेवल्या होत्या.

लेकीचं रुसणं संक्रांतीपर्यंत टिकलं. मी तिळाच्या वड्या केल्या होत्या. ती म्हणाली, "थोड्या देतेस? घणसोलीला देऊन येते. गोड बोल म्हणते म्हणजे तरी बोलेल." आणि ओट्यावरचा हाताला लागला तो डबा रिकामा करून, वड्या भरून गेली. मेथ्या एका पिशवीत ओतलेल्या मला संध्याकाळी सापडल्या. तेव्हा मला कळलं कुठला डबा गेला ते. काही बोलले नाही. काय बोलणार, की तो उसना आहे?

तीन आठवडे काही नाही. लेकीनंही विषय काढला नाही, मी रोज ओट्यावरच्या त्या मोकळ्या जागेवरून फडकं फिरवत होते.

मग एका रविवारी सकाळी दारात ती मैत्रीणच. केस कापलेले, वाळलेली. "काकू, सॉरी हां, फार दिवस राहिला तुमचा डबा. आईनं जळगावहून चटणी पाठवलीय, त्यात घातलीय." लेक आतून धावत आली आणि दोघी बेडरूममध्ये गेल्या त्या दुपारच्या जेवणापर्यंत बाहेर आल्या नाहीत. काय बोलल्या ते मला सांगितलं नाही. हे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "केलं बघ रेसिप्रोकेट." जेवताना लेकीनं चटणी दोनदा घेतली.

संध्याकाळी मी डबा घासायला घेतला. डबा तोच, आद्याक्षरं आहेत, तारीख आहे. झाकण मात्र दुसरंच. नवं, चकचकीत, कुठल्यातरी मोठ्या डब्याचं. तिच्या घरी अशी चार-पाच असतील, तिनं घाईत हाताला लागलं ते लावलं. पोचा पडलेलं ते झाकण आता घणसोलीत कुठल्या डब्यावर बसत नसेल आणि तीही वैतागत असेल.

मी हे नवं झाकण सगळ्या कोनांतून बसवून बघितलं. बसत नाही. हल्ली डब्यात मेथ्याच आहेत, वर झाकण ठेवून रबर लावलंय.